भालकीकर आणि मागच्या कोपऱ्यातला चिखल

आमच्या तळमजल्यावर राहणारे नरहरराव भालकीकर माती चाखून बघतात.

लहान मुलं खातात तशी नव्हे. चिमूटभर ओली माती पुढच्या दातांत धरायची, दात हलकेच एकमेकांवर फिरवायचे, डोळे मिटायचे आणि मग बाजूला थुंकून निकाल द्यायचा. बारीक करकर लागली तर गाळाची, लोण्यासारखी सरकली तर चिकण आणि दात शिवशिवले तर वाळू. "प्रयोगशाळेचा रिपोर्ट आठ दिवसांनी येतो, वहिनी. दाताचा लगेच येतो," असं ते मला सांगतात. वय अठ्ठ्याहत्तर, आणि दात सगळे स्वतःचे. मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटतं.

ईशान, सानिका, तुम्ही मागे आला होतात तेव्हा फाटकाशी एका उंच, वाळक्या आजोबांनी तुम्हाला "तुमच्या गावात खाली काय लागतं?" असं विचारलं होतं. तुम्ही दोघांनी "बेसमेंट" असं उत्तर दिलं होतं आणि ते फार निराश झाले होते. तेच हे. त्यांच्याबद्दल तुम्हाला क्रमाने लिहायचं मी बरेच दिवस मनात धरलं होतं.

नरहररावांनी चाळीस वर्षं एकच काम केलं. कुठे पूल, इमारत, टाकी बांधायची असली की आधी तिथल्या जमिनीत नळी घालून खाली काय आहे ते बघायचं. कृष्णेच्या काठापासून इथल्या, हैदराबादच्या, काचीगुडा स्टेशनच्या रुळांपर्यंत त्यांनी जमिनीला भोकं पाडली. घरी शोकेसमध्ये इतरांकडे कप-बशा असतात, यांच्याकडे मातीच्या बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. 'ओली, काळी, बारा फूट.' 'पिवळी, वाळूमिश्रित, बेभरवशाची.' त्यांच्या पत्नी सुमनताई होत्या तेव्हा त्या पाहुण्यांना सांगायच्या, "बसा, पण त्या कपाटातलं काही मागू नका. सगळं कच्चं आहे."

माणसंही ते मातीवरून ओळखतात. मी पुण्याची हे कळल्यावर पहिल्याच भेटीत म्हणाले, "हौ, खाली सगळा काळा पाषाण. टिकाऊ, पण नळी आत शिरत नाही." मी याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं. तुमच्या आजोबांना, म्हणजे सोलापूरच्या काळ्या मातीच्या माणसाला, ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या मातीचं काम विचित्र. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगवटा." आजोबा निवृत्त गणिताचे मास्तर. ते त्यावर चार दिवस फुगून होते, त्यामुळे निदान बरोबर असल्याचं सिद्ध झालं.

भाजीवालीकडेही तेच. आलं घेताना त्याला लागलेली माती नखाने खरवडायची, दाताखाली धरायची आणि म्हणायचं, "जहीराबादकडचं आहे." भाजीवालीला ते आलं कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसे. ती म्हणायची, "अय्या, लेनाय तो लेव, चाटको नक्को रखो."

आणि त्यांचं एक वाक्य. सून कुठे नोकरी करते, मुलाने कोणती शाखा घ्यावी, निवडणुकीत कोण येईल, कशावरही बोलणं निघालं की ते चष्म्यावरून बघून विचारतात, "जमिनीला विचारलं का?"

आता मुख्य गोष्ट.

यंदा होळीच्या आधी आजोबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन चांगलं झालं. पण दवाखान्यातून घरी आणलं ते खुर्चीत बसवून, चार माणसांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर. त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. घरात वॉकर घेऊन हिंडत, पण जिना बघितला की तोंड फिरवत. काही मोठं मागणं नव्हतं त्यांचं. नल्लकुंट्याच्या त्यांच्या नेहमीच्या सलूनमध्ये जाऊन, खुर्चीत बसून, तिथल्या गप्पा ऐकत केस कापून घ्यायचे होते. आम्ही न्हावी घरी बोलावला. आजोबा म्हणाले, "हा बोलतच नाही. नुसते केस कापून काय करू?" पुढे पुढे तर ते दाढी करायलाही उठेनात. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला त्याची भीती वाटायला लागली.

बरकतपुऱ्यातली आमची इमारत जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची. बारा घरांत म्हातारी माणसंच जास्त. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात बाहेरून लिफ्ट बसवायची. आमचे सेक्रेटरी सुब्बाराव, निवृत्त बँक अधिकारी, उत्साही माणूस. त्यांनी कंत्राटदार आणला. कंत्राटदाराच्या माणसाने कोपऱ्यात पहार मारली. चार फुटांवर टण्ण आवाज आला.

"बंडा है साब!" कंत्राटदार म्हणाला. बंडा म्हणजे इथल्या बोलीत खडक. "हैदराबाद में किधर भी मारो, नीचे बंडाइच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या शहरात हे प्रत्येकाला पाठ आहे. वर बिर्याणी आणि खाली दगड. नरहरराव तेवढे खाली वाकले, पहारीच्या टोकाला लागलेला चिखल बोटावर घेतला, दाताखाली धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"खडकावरची माती अशी लागत नाही," ते म्हणाले. "हा दगड कुठे सुरू होतो ते कळलं. कुठे संपतो ते जमिनीला विचारलं का?"

"क्या भालकीकर साब," सुब्बाराव म्हणाले, "लिफ्ट बनाना है कि मेट्रो?"

"तो कोपरा बारा महिने ओला असतो. का, ते कोणाला माहीत आहे? नळी घालून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

आणि सगळ्यांच्या सह्या लागत होत्या. त्यावरून जिन्यात सभा भरली. कोणी म्हणालं, यांचं घर तळमजल्यावर, यांना लिफ्ट कशाला हवी. कोणी म्हणालं, चाळीस वर्षांची सवय, भोक पाडल्याशिवाय झोप येत नाही. मी सहसा अशा ठिकाणी बोलत नाही. पण त्या दिवशी आजोबा सकाळपासून जेवले नव्हते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नरहरराव, तुमचं काय जातंय? तुम्हाला दोन पायऱ्या. ज्याला अठ्ठेचाळीस आहेत त्याला विचारा!"

ते म्हणाले, "हौ वहिनी. बरोबर आहे तुमचं. तीन दिवस द्या मला. चौथ्या दिवशी सही."

दुसऱ्या दिवशी सकाळी यादगिरी आला. हा नरहररावांच्या हाताखाली काम केलेला ड्रिलर, आता स्वतःचं यंत्र बाळगून असलेला. सोबत दोन माणसं, तीन लांब लोखंडी पाय, एक इंजिन, नळ्या आणि एक साठेक किलोचा हातोडा. तिवई उभी केली. अर्ध्या तासात तिचा एक पाय चिखलात गुडघाभर गेला.

"फळ्या आणा," नरहरराव ओरडले. फळ्या कुठून आणणार? तेव्हा ते घरात गेले आणि स्वतःच्या पलंगाच्या फळ्या काढून घेऊन आले. त्या रात्री ते सतरंजीवर झोपले असणार. विचारल्यावर म्हणाले, "जमिनीवर झोपलं की जमीन कळते."

ओल्या जमिनीत भोक पाडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही समुद्रकाठी वाळूत खड्डा करता आणि बाजू ढासळून तो भरतो, अगदी तसंच. अडीच फूट खणून माणसं चहाला बसली, परत येऊन बघतात तो एक फूट उरला होता. पुन्हा खणला. पुन्हा चहा. पुन्हा एक फूट.

"आज चहा बंद," नरहररावांनी जाहीर केलं.

"सार, चाय का क्या कसूर?" यादगिरी म्हणाला. "बाजू बैठ रई."

मग बाजू धरून ठेवायला लोखंडी नळी ठोकली आणि पिंपात एक राखाडी माती पाण्यात कालवली. तिला बेंटोनाइट म्हणतात. आंबिलीसारखी दाट होते. ती भोकात ओतली की तिच्या दाबाने भिंती ढासळत नाहीत. सुब्बारावांच्या मिसेस वरून बघत होत्या. त्या वाटी घेऊन खाली आल्या, चेहऱ्याला लावायला. नरहररावांनी अत्यंत गंभीरपणे वाटी भरून दिली आणि सांगितलं, "लावा. ढासळणार नाही."

तिवईच्या दोरीवरून हातोडा वर ओढायचा आणि नळीवर सोडायचा. नळी एक फूट आत जायला किती ठोके लागतात, त्यावरून जमीन किती घट्ट ते ठरतं. नरहरराव खालून मोठ्यांदा मोजत होते. मी स्वयंपाकघरात होते. अचानक मागच्या बाल्कनीतून आजोबांचा आवाज आला.

"एक चुकलात! चौदा झाले, तेरा नव्हे!"

ते वॉकर घेऊन बाल्कनीत उभे होते. बनियनवर, दाढी वाढलेली.

"तेरा!" खालून आवाज.

"चौदा! मी पहिल्यापासून मोजतोय."

"पहिल्या सहा इंचांचे मोजायचे नसतात, मास्तर. ते सोडून द्यायचे. वरची जमीन खणताना ढिली झालेली असते."

"मोजायचे आणि सोडून द्यायचे? हे कसलं गणित?"

"मातीचं!"

"मग ते तुम्ही करा, आकडे मी मांडतो. तुमच्याकडून ते व्हायचं नाही."

नरहररावांनी वर बघितलं. "मांडा. आजपासून मोजणी तुमची. पण वेळेवर हजर राहायचं, मास्तर. सकाळी आठ. दाढी करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आजोबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वही आणि दोन पेनं घेऊन बाल्कनीत बसले होते. नाश्ता तिथेच मागवला.

त्या दिवशी दगड कापायचा होता. हिऱ्याचे दात असलेली पोकळ नळी गरगर फिरवत आत घालतात आणि आतून दगडाची कांडी निघते. संध्याकाळपर्यंत दोन फुटांची कांडी निघाली. गुलाबी, करडी, गुळगुळीत, लाटण्यासारखी. सुब्बारावांनी ती हातात घेतली, सगळ्या मजल्यांवर फिरवून दाखवली आणि कोपऱ्यात नारळ फोडला.

"अब बोलो भालकीकर साब! बंडा है कि नै?"

"बंडा आहे," नरहरराव म्हणाले. त्यांचा चेहरा त्या संध्याकाळी उजळला होता. मला वाटलं, हरल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. "देवाची कृपा असली तर उद्याही असेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झालं. पाव तास झाला असेल. एकाएकी नळीचा आवाज बदलला आणि ती धप्पकन हातभर खाली गेली. त्यासरशी भोकातली सगळी आंबील गुडगुड करत नाहीशी झाली. यादगिरीने दुसरं पिंप ओतलं. तेही गेलं. तिसरं ओतलं. तेही.

"सार," यादगिरी म्हणाला, "ये जमीन पी रई."

दगड संपला होता. नरहररावांनी नळी बदलून हातोडा वर ठेवायला सांगितला. नुसता ठेवला, उचलून सोडायच्या आधीच नळी आपणहून खाली निघाली. अर्धा फूट, एक फूट, दीड फूट.

वरून आजोबा ओरडले, "नरहरराव, ठोका कधी मारताय?"

"मारायचा नाही, मास्तर."

"मग मांडू काय?"

"शून्य मांडा."

"जमिनीला शून्य मार्क?"

"शून्य!"

आजोबांनी वहीत ठसठशीत शून्य काढलं. म्हणाले, नोकरीतही एवढ्या मोकळ्या मनाने कोणाला दिलं नव्हतं.

तेवढ्यात तिवईचा एक पाय पलंगाच्या फळीसकट चिखलात जायला लागला. ती सावकाश, नमस्काराला वाकावी तशी झुकली. यादगिरीची माणसं दोऱ्यांना लोंबकळली. सुब्बाराव नवे बूट घालून मदतीला धावले आणि तिथेच रोवले गेले. त्यांना काढलं, बूट तिथेच राहिले. शेजारच्या इमारतीतले लोक कंपाउंडवरून वाकून "बोअर को पानी लगा क्या? मुबारक!" असं विचारून गेले.

तिवई सावरून पुढे नळी घातली तेव्हा खालून जे आलं त्यात काळा वासाचा गाळ होता, विटांचे तुकडे होते आणि एका मडक्याचा काठ होता. नरहररावांनी या वेळी काही चाखलं नाही. "विहीर आहे," ते म्हणाले. "कोणीतरी कधीतरी कचरा-माती टाकून बुजवली आणि वर हा धोंडा लोटून दिला. आपण त्या झाकणावर लिफ्ट ठेवणार होतो."

सुब्बाराव अनवाणी, चिखलाने माखलेले, पायरीवर बसले. मीही बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. धोका टळला खरा, पण लिफ्टही गेली. वर बाल्कनीत वही घेऊन बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? इमारतीला दुसरी जागा नव्हती. एका बाजूला फाटक, एका बाजूला शेजाऱ्याची भिंत.

"जागा आहे," नरहरराव म्हणाले. "पूर्वेकडे. माझ्या खोलीच्या खिडकीपुढे."

"अरे साब, वो तो आपका खिडकी..."

"तिथे तीन फुटांवर मुरूम, खाली खडक. मी पाच ठिकाणी हाताने गिरमिट घालून बघितलंय. उद्या यादगिरी यंत्र लावेल, खात्री करू."

"पहलेइच बोलना था ना!" सुब्बाराव कळवळून म्हणाले.

"कधी बघितलंत हे?" मी विचारलं.

ते हात धूत होते. नळाकडेच बघत म्हणाले, "मास्तरांना खुर्चीतून वर नेलं ना, त्याच आठवड्यात. खाली उभा होतो मी. खुर्ची वळणावर अडकली तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बघवलं नाही मला." मग नळ बंद करून म्हणाले, "पण वहिनी, खोटं कशाला बोलू? मला एकच खिडकी आहे. मला फार वाटत होतं, मागे खडक लागावा. काल तर लागलाच होता."

म्हणजे हा माणूस तीन दिवस स्वतःच्या पलंगाच्या फळ्या घालून, अंगभर चिखल घेऊन, स्वतःचीच खिडकी घालवत होता. आणि मी त्यांना बारा घरांसमोर विचारलं होतं, तुमचं काय जातंय.

चौथ्या दिवशी खिडकीपुढे यंत्र लागलं. दहा फूट सलग खडक निघाला. आजोबांच्या वहीत त्या पानावर आकडाच नाही, नुसतं 'हातोडा उडतो' असं लिहिलं आहे. नरहररावांनी सही केली.

लिफ्ट तयार झाली. आजोबा पहिल्यांदा खाली उतरले त्या दिवशी नल्लकुंट्याच्या सलूनमध्ये दीड तास बसले. केसांना दहा मिनिटं लागली, बाकीचा वेळ ते जमिनीला मार्क कसे देतात हे समजावून सांगत होते. आता एक दिवसाआड जातात. कापायला फारसं काही उरलेलं नाही.

मी मात्र बरेच दिवस नरहररावांच्या घरी गेले नाही. लाज वाटत होती. शेवटी धपाटे केले, डब्यात भरले आणि दुपारी चार वाजता खाली गेले. त्यांच्या खोलीत भर दुपारी दिवा लावलेला होता. पलंगाशेजारी जिथून पूर्वी रस्ता, उजेड, चिंचेचं झाड दिसायचं, तिथे आता हातभर अंतरावर करडी भिंत.

मी म्हणाले, "नरहरराव, मी त्या दिवशी बोलले ते..."

"धपाटे गरम आहेत का?" त्यांनी विचारलं आणि डबा उघडला. एक खाऊन झाल्यावर म्हणाले, "कशाला परेशान होता, वहिनी. रस्ता दिसायचा खरा. पण रस्त्यावरून जाणारं कोणी माझ्याकडे यायचं नाही. सुमन गेल्यापासून खिडकीत बसून नुसती माणसं बघायचो."

भिंतीमागे घरघर झाली. त्यांनी बोट वर केलं. "सुब्बाराव. ते दार आपटतात." पुन्हा घरघर. "दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, औषधाला निघाल्या. मास्तर उतरतात तेव्हा आधी काठी वाजते, मग दार. आता सगळे माझ्या उशाशी येऊन थांबतात."

ते दुसरं धपाटं घेत म्हणाले, "तुम्ही चारला भाजीला उतरता. काल उतरला नाहीत. मी साडेपाचपर्यंत वाट बघितली. म्हटलं, वर येऊन विचारावं का, बरं आहे ना. मग म्हटलं, उगीच कशाला."

काल घरात भाजी होती म्हणून मी उतरले नव्हते, एवढंच.

आता भाजी असली तरी मी चारला उतरते. लिफ्टचं दार उघडते, नीट आवाज होईल असं लावते. नरहररावांच्या घरातून मुद्दाम काढलेल्या खोकल्याचा आवाज येतो. मग मी फाटकापर्यंत जाऊन परत वर येते.